वणीचा चुना आणि समुद्रातला मेंदू

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कुठेच नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंगालचा उपसागर. यवतमाळ शहरातून दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला निघा, पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर कापल्याशिवाय लाट दिसत नाही. तरी वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात खाण खणली की समुद्राचा तळच हाताला लागतो. इथला चुनखडक हा समुद्रात साचलेला गाळ आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला पैनगंगा समूहाचा चुनखडक म्हणतात आणि त्याचं वय साधारण ७५ ते १०० कोटी वर्षं धरतात. राजूरच्या भट्ट्यांमध्ये हाच दगड भाजून चुना निघतो, मुकुटबनला त्याचं सिमेंट होतं.

त्या पुरातन समुद्रात मासे नव्हते, शंख-शिंपले नव्हते, प्रवाळही नव्हतं. आज आपण ज्यांना दगडी प्रवाळ म्हणतो त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे वणीचा समुद्र आटून कैक युगं लोटल्यावर प्रवाळ जन्माला आलं. पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला आणि जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाखाली गेला. त्याच सुमाराला डायनोसॉर संपले. प्रवाळाच्याही पुष्कळ जाती संपल्या, पण वंश टिकला. पाण्यातून चुना वेचून दगड घडवण्याचं काम तो आजही करतो आहे.

या वंशातलं सर्वांत चक्रावून टाकणारं रूप म्हणजे मेंदू-प्रवाळ. एक मोठा गोल घुमट, त्यावर वळणावळणाने फिरणाऱ्या नाळी आणि दोन नाळींमध्ये उंचावलेले कंगोरे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला उघडलेली कवटीच आठवते. प्रत्यक्षात या प्राण्याला मेंदू नाही. डोळे नाहीत, हृदय नाही, रक्त नाही. अंगभर पसरलेलं मज्जातंतूंचं विरळ जाळं आणि एक तोंड एवढ्यावर त्याचं भागतं. अन्न त्या तोंडातून आत जातं आणि टाकाऊ तेही त्याच वाटेने बाहेर येतं. हा झाला एक पॉलिप. अशा शेकडो, कधी हजारो पॉलिपांची मिळून एक वसाहत होते, आणि सगळी वसाहत पाण्यातून तरंगत आलेल्या एकाच अळीपासून वाढलेली असते. अळी खडकावर चिकटते, तिचा पॉलिप होतो, पॉलिपाचे दोन होतात, दोनाचे चार.

नाळींचं कोडं या दोनाचे चार होण्यातच दडलेलं आहे. बहुतेक प्रवाळांमध्ये पॉलिप दुभंगला की दोन्ही भावंडांमध्ये चुन्याची भिंत उभी राहते. मेंदू-प्रवाळात तोंडं दोन होतात, पण मधली भिंत बांधलीच जात नाही. पुन्हा दुभंग, पुन्हा भिंत नाही. असं होत होत एका लांबलचक दरीत तोंडांची रांग लागते. प्रवाळाच्या जिवंत घुमटाला डोळा लावून पाहिलं, तर नाळीच्या तळाशी ठरावीक अंतरावर बारीक चिरा दिसतात. ती तोंडं. एका तोंडाने पकडलेलं अन्न शेजारच्याला पोचतं. त्यामुळे नाळीतला एक प्राणी कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते अभ्यासकांनाही सांगता येत नाही. मला या प्राण्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्यामधली रेघ त्याने मिटवून टाकली आहे.

ओळखायला शिकायचं तर हीच भिंत पाहायची. काही जातींत प्रत्येक तोंडाभोवती स्वतंत्र गोल घर असतं. अशा दोन घरांमधली भिंत सामाईक असेल, चाळीतल्या खोल्यांसारखी, तर तो बहुधा फेविटिस. प्रत्येक घराला आपापली भिंत आणि दोन भिंतींमध्ये बोळ असेल, तर डिप्सास्ट्रिया. जुन्या पुस्तकांत हाच फेविया या नावाने भेटतो. गोनिआस्ट्रियाची घरंही सामाईक भिंतींचीच, पण नीटस आणि कोनदार, आणि बहुतेक जातींत प्रत्येक तोंडाभोवती आतल्या बाजूला छोट्या उंचवट्यांचं एक कडं असतं. घरं मोडून लांब दऱ्या झाल्या की आपण प्लॅटिगायरापाशी येतो. लेप्टोरियाच्या दऱ्या त्याहूनही एकसारख्या. हे दोन खरे चक्रव्यूहवाले मेंदू.

याहून मांसल गट वेगळा. लोबोफिलियाचे पाकळ्यांसारखे जाड भाग वरून एकसंध भासतात, पण त्याच्या कित्येक जातींत खालचा सांगाडा सुट्या देठांचा असतो. त्याच्या सांगाड्यातल्या उभ्या पडद्यांचे दात मोठे आणि बोचरे असल्याने तो हाताळणारे लोक हातमोजे घालतात. सिंफिलिया नावाचा सख्खा शेजारी पूर्वी वेगळा मानत. २०१६ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून तो लोबोफिलियातच सामावून घेतला गेला. आणि मत्स्यालयवाल्यांचा लाडका ‘ओपन ब्रेन’ म्हणजे ट्रॅकिफिलिया जिओफ्रॉयी. हा तर खडकाला धरूनच राहत नाही. लहानपणी कशाला तरी चिकटतो, मग सुटतो आणि वाळूवर मोकळा पडून राहतो. खाली शंकूसारखं निमुळतं टोक, वर एक ते तीन तोंडं आणि भोवती पाणी भरून फुगलेली लाल, हिरवी, जांभळी झालर. दिवसा तो आपल्या सांगाड्याच्या दुप्पट दिसतो. त्रास झाला की झालर आत ओढून घेतो आणि खालच्या चुन्याच्या धारा उघड्या पडतात.

हे सारे हिंदी आणि प्रशांत महासागरातले. अटलांटिकमध्ये, कॅरिबियन बेटांभोवती, डिप्लोरिया लॅबिरिंथिफॉर्मिस नावाचा मेंदू राहतो. त्याची खूण अगदी सोपी आहे: कंगोऱ्याच्या माथ्यावरच आणखी एक खोलगट चर असतो. अटलांटिकचे आणि प्रशांतचे मेंदू एकाच घराण्यातले असं शंभराहून अधिक वर्षं धरून चालले होते. दिसायला ते तसेच आहेत. २००४ मध्ये हिरोनोबू फुकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासला तेव्हा निघालं ते उलटंच. दोन महासागरांतली ही कुळं फार पूर्वीच वेगळी झाली होती, आणि सारखं रूप दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलं होतं. एकाच अडचणीवर निसर्गाने दोनदा तोच आकार शोधला. पुस्तकांतली नावं बदलण्याची मोठी लाट त्यानंतरच आली.

आता त्या मांसात शिरू. प्रवाळाच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. एक चौरस सेंटिमीटर कातडीत साधारण दहा लाख पेशी. शैवालाला राहायला जागा आणि प्रवाळाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळतो. ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाच्या रोजच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग या शैवालाकडून येऊ शकतो. म्हणजे दिवसा हा प्राणी जवळजवळ शेती करून जगतो. त्याचा तपकिरी-पिवळा रंगही या शैवालाचाच. निळ्या प्रकाशात झगमगणारी हिरवी आणि लाल छटा मात्र प्रवाळाची स्वतःची, त्याच्या प्रथिनांची.

रात्री त्याचं दुसरं रूप बाहेर येतं. अंधार पडल्यावर तासाभरात नाळींच्या कडेने पारदर्शक टोकदार स्पर्शिका वर येऊ लागतात. दिवसभर गुळगुळीत दिसणारा घुमट केसाळ होतो. पाण्यातून वाहत आलेला कोळंबीच्या पिल्लाएवढा जीव स्पर्शिकेला लागला की सूक्ष्म काटे सुटतात, शिकार लुळी पडते आणि हळूहळू तोंडाकडे सरकवली जाते. काही स्पर्शिका इतरांच्या कितीतरी पट लांब वाढतात आणि शेजारच्या प्रवाळाला चाबकासारख्या झोडतात. त्याहून भयंकर तऱ्हा जमैकाच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या जुडिथ लँग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिली. दोन वेगळ्या जातींची प्रवाळं जवळ आली की एक जण आपल्या पोटातले पाचक तंतू बाहेर काढून शेजाऱ्याच्या अंगावर टाकतो आणि त्याला जागच्या जागी पचवतो. कोणती जात कोणाला हरवते याची उतरंडही ठरलेली असते. शांत, निश्चल दिसणाऱ्या प्रवाळ-बागेत इंच-इंच जागेसाठी अशी झुंज चालते. मत्स्यालयात मेंदू-प्रवाळाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवतात ती यासाठी.

मत्स्यालयाचा विषय निघाला आहे तर कायद्याचंही इथेच, स्पष्ट सांगायला हवं. भारतात घरी मेंदू-प्रवाळ पाळण्याची मोकळीक नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळ्या दगडी प्रवाळांचा समावेश झाला. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, अग्नि-प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही आले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं, सगळ्याला तो कायदा लागतो. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि दंड. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचा अंमल आहे. त्यामुळे ‘इंपोर्टेड आहे, काही होत नाही’ या विक्रेत्याच्या शब्दाला किंमत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याचं उदाहरण बोलकं आहे. हजारो कोटींच्या या कामाच्या आड वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ छोट्या वसाहती आल्या, तेव्हा वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या हातून, २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

मग निगा कशासाठी समजून घ्यायची? कारण या प्राण्याला काचेच्या पेटीत जगवताना माणसाला समुद्रच नव्याने शिकावा लागला. मत्स्यालयवाल्यांच्या वहीतला प्रत्येक आकडा समुद्राच्या प्रकृतीचा आहे.

सुरुवात पाण्यापासून. एक लिटर समुद्रात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शिअम सुमारे ४१० मिलिग्रॅम, मॅग्नेशिअम त्याच्या तिप्पट. मेंदू-प्रवाळाच्या टाकीत कॅल्शिअम ४०० ते ४५० च्या आत, मॅग्नेशिअम १२५० ते १३५० च्या आसपास आणि तापमान २४ ते २६ अंश ठेवतात. घरच्या मिठाने हे साधत नाही, आणि बोअरच्या पाण्याने तर नाहीच. आपल्याकडे विहिरींच्या पाण्यात खतांचं नायट्रेट उतरलेलं असतं, पांढरकवडा-झरीकडे फ्लोराइड असतं, क्षार तर सगळीकडेच. पाणी आधी पूर्ण कोरं करून मग त्यात समुद्राचे क्षार मोजून मिसळावे लागतात. शिवाय पेटीतलं पाणी वाफेने उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. रोज कोरं पाणी घातलं नाही तर काही दिवसांत समुद्र खारट होत जातो. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पाणी २६ अंशांवर ठेवायला काय यंत्रणा लागेल, आणि दुपारी वीज गेली तर काय, याचा विचार केला की समुद्राच्या अफाटपणाचा उपयोग कळतो. एवढ्या मोठ्या पाण्याला तापायला वेळ लागतो. शंभर लिटरच्या पेटीला लागत नाही.

तो एकेक अंश इतका जपायचा कशासाठी? समुद्राचं पाणी तिथल्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा फक्त एक अंशाने चढलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की पेशीतल्या शैवालाचं यंत्र बिघडतं. साखरेऐवजी ते घातक ऑक्सिजन-रसायनं सोडू लागतं. प्रवाळ त्याला बाहेर काढतं. रंग जातो, पारदर्शक कातडीतून पांढराफटक सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ तेव्हा मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. नाही निवलं तर भूक त्याला मारते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने अशा विरंजनाची चौथी जागतिक लाट जाहीर केली, आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली.

उजेडही बेतानेच लागतो. मेंदू-प्रवाळ बऱ्याचदा गढूळ किंवा खोल पाण्यात, खडकाच्या आडोशाला वाढतं. पेटीत त्याला भर दिव्याखाली ठेवलं तर ते करपतं, म्हणून खालच्या भागात, मध्यम निळसर प्रकाशात ठेवतात. ट्रॅकिफिलियाची जागा वाळूवर. खडकात खोवला तर फुगताना-आक्रसताना त्याची नाजूक झालर फाटते. प्रवाह अंगावरचा गाळ वाहून नेण्याइतका हवा, झालर उलटी करण्याइतका नको. खाऊ घालायचं ते दिवे मालवल्यावर, स्पर्शिका बाहेर आल्या की, आणि तेही बारीक कोळंबीचे कण.

या सगळ्यात मला सर्वांत भावलेली गोष्ट चुन्याची. प्रवाळ वाढतं तसं पाण्यातलं कॅल्शिअम कमी होत जातं. ते भरून कसं काढायचं, यावर पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात उपाय रूढ केला तो चुन्याच्या निवळीचा. आपल्या आज्या ज्या निवळीचा उपयोग करत आल्या, तीच. चुना पाण्यात ढवळायचा, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंबाथेंबाने टाकीत सोडायचं. त्यातून कॅल्शिअम मिळतं आणि पाण्याचा आम्लपणाही कमी होतो.

ही निवळी घरी करून पाहण्यात कायद्याची काही आडकाठी नाही. पानाला लावायचा चुना अर्धा चमचा घ्या, काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवा आणि रात्रभर ठेवा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. मुलं असतील तर मोठ्यांनी सोबत बसावं. सकाळी वरचं नितळ पाणी एका बशीत काढा आणि उघडंच राहू द्या. काही तासांत त्यावर पातळ, ठिसूळ साय धरते. बोटाने ढकलली तर तुकडे पडून तळाशी जातात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला चुना मिळून तुमच्या बशीत नवा चुनखडक तयार झालेला असतो. आता उरलेल्या निवळीत नळीने हळूहळू फुंका. तोंडात ओढू मात्र नका. पाणी दुधाळ होतं. फुंकतच राहा. बऱ्याच वेळाने ते पुन्हा नितळ होऊ लागतं. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त झाला, पाणी आम्लाकडे झुकलं आणि झालेला चुनखडक परत विरघळला.

प्रवाळाची सगळी कारागिरी या दोन टप्प्यांच्या मधल्या अरुंद जागेत चालते. पॉलिपाच्या तळाशी, कातडी आणि सांगाडा यांच्यामध्ये, एक अतिसूक्ष्म पोकळी असते. तिथून पॉलिप आम्लाचे कण सतत बाहेर उपसतो, म्हणजे तिथलं पाणी समुद्रापेक्षा अधिक क्षारधर्मी होतं आणि ॲरागोनाइट या खनिजाचे स्फटिक धरू लागतात. उपसायला ऊर्जा लागते, आणि ती शैवालाच्या साखरेतून येते. म्हणून प्रवाळ उजेडात अधिक वेगाने दगड घडवतं. कारखाने आणि वाहनं यांच्या धुराने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, त्यातला बराच समुद्राने रिचवला, आणि औद्योगिक युगाच्या सुरुवातीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. आकडा लहान दिसतो, पण हे मोजमाप दहाच्या पटींचं असल्याने पाण्यातला आम्लांश त्यात पाव हिश्श्याहून जास्त वाढलेला आहे. उपसण्याचं काम तितकं जड झालं.

वाढीचा वेग मुळातच मंद. घुमटाकार मेंदू-प्रवाळ वर्षाकाठी काही मिलिमीटर वाढतं. पाच मिलिमीटर धरले तरी मीटरभर रुंदीच्या घुमटाला शंभर वर्षं लागतात. आपल्या पणजोबांच्या काळी रुजलेली वसाहत बोटीच्या नांगराच्या एका ठोक्यात फुटते, याचा अर्थ इथे नीट लागतो. या मंद वाढीत काळाची नोंदही होते. सांगाड्यात वर्षाचे थर असतात, कुठे कुठे दिवसाच्या रेघाही. अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी ३५-४० कोटी वर्षांपूर्वीच्या, आता नामशेष झालेल्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या आणि १९६३ मध्ये जाहीर केलं की तेव्हाच्या एका वर्षात साधारण ४०० दिवस होते. चंद्राच्या ओढीने पृथ्वीची गिरकी मंदावत आली आहे, हे गणिताने ठाऊक होतं. त्याचा हिशोब एका बिनमेंदूच्या प्राण्याने दगडात लिहून ठेवलेला निघाला.

मंद वाढीवर माणसाने एक युक्तीही शोधली आहे. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन यांच्या लक्षात आलं की घुमटाकार प्रवाळाचे नखाएवढे तुकडे केले, तर जखम भरून काढण्याच्या घाईने ते एरवीच्या कितीतरी पट वेगाने पसरतात. एकाच वसाहतीचे तुकडे जवळ जवळ लावले की एकमेकांना ओळखतात, भांडत नाहीत, जुळून पुन्हा एक होतात. त्याच फ्लोरिडात २०१४ मध्ये मायामीजवळ एक रोग दिसला. त्यात दगडी प्रवाळांची कातडी गळून पडते, आणि मेंदू-प्रवाळांना त्याची झळ लवकर बसली. रोग पुढे सरकत होता, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या वाटेवरच्या निरोगी वसाहती आधीच उचलल्या आणि देशभरच्या सार्वजनिक मत्स्यालयांकडे सोपवल्या. त्यात नेब्रास्का राज्यातलं ओमाहाही आहे. समुद्र तिथून यवतमाळइतकाच, किंबहुना अधिकच दूर. आज ती प्रवाळं काचेमागे जगताहेत ती शोभेसाठी नव्हे, पुढे समुद्रात परत बीज सोडता यावं म्हणून. काचेच्या पेटीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. आपल्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मुंबईत नवा अवतार होईल, तेव्हा त्यात अशा कामाला जागा असावी असं मनापासून वाटतं. समुद्री मासे पाळण्याची हौस असणाऱ्यांसाठी नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशसारख्या माशांची पैदास सुरू झाली आहे. समुद्रातून ओरबाडलेल्यापेक्षा हौदात जन्मलेला मासा केव्हाही बरा.

जिवंत प्रवाळ पाहायला परदेशी जायची गरज नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, आणि तिथल्या प्रवाळांच्या यादीत फेविटिससारखे सामाईक भिंतींचे मेंदू-नातलगही आहेत. ते आकाराने प्रचंड नाहीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी अंगावर घेऊन जगणारी ही प्रवाळं आहेत. लक्षद्वीपची झळाळी त्यांच्याकडे मागू नये, त्यांचा चिवटपणा पाहावा. त्याहून दूर, विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. समुद्रात बुडालेलं हे मोठं पठार, माथा साधारण वीस मीटर पाण्याखाली आणि त्यावर प्रवाळ. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन आली.

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाणार असाल, तर पाण्यात उतरण्याआधी एवढं करा. नाववाल्या दादांना सांगा की नांगर प्रवाळावर नको, वाळूवर टाका. दमलात तरी खडकावर उभे राहू नका. पायाखाली कातडी असलेला प्राणी असतो. हात लावू नका, तुकडा उचलू नका. भिंत सामाईक आहे की मध्ये बोळ आहे, तेवढं मात्र जरूर पाहा. आणि यवतमाळात, वणीत, पुसदला कोणी ‘इंद्रजाल’ म्हणून काळ्या फांद्यांची चौकट विकताना दिसलं, तर ती वनस्पती नाही, वर सांगितलेल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तिने घरात लक्ष्मी येत नाही, वनखातं येतं. अशी चौकट किंवा पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे विकायला ठेवलेले दिसले तर विकत घेऊ नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.